तिला ताप नव्हता: ठाण्यातल्या शाळाचालकांना आणि पालकांना खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ, मुख्याध्यापिका बाई आणि पालक-शिक्षक संघ यांस,
तसेच ठाण्यातल्या इतर शाळांच्या चालकांस आणि पालकांस,

स. न. वि. वि.

माझी मुलगी ज्या शाळेत चौथीत शिकते तिचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तिथल्या शिक्षिकांचे आमच्यावर उपकार आहेत, आणि जे घडलं ते फक्त तिथेच घडतं असंही नाही. घोडबंदर रोडला आणि कळव्याला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींशी बोलले, तर त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच. त्यामुळे ज्यांना हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल, त्यांनी ते आपलंच समजावं.

यंदा आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी शाळेत दिंडी होती. चौथीच्या मुलींचं लेझीम पथक. माझ्या मुलीची जोडीदार वर्गातली तिची जिवलग मैत्रीण, आणि पथकातली सगळ्यात पक्क्या तालाची. माझ्या मुलीचे हात चुकायचे ते तिच्याकडे बघून सुधारले. पंधरा दिवस दोघींनी आमच्या गच्चीवर सराव केला. ही मैत्रीण मुसलमान आहे. हे सांगावं लागतंय, कारण पुढचं सगळं त्याभोवतीच घडलं.

वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सूचना आली: सर्वांनी पारंपरिक वेशात यावे, पालखीपूजन आणि आरतीला उपस्थिती अनिवार्य, उपक्रमाची नोंद आकारिक मूल्यमापनात (म्हणजे वर्षभराच्या गुणांत) घेतली जाईल. त्या मुलीच्या आईने अगदी नम्रपणे विचारलं की, लेझीम ती खेळेल, नऊवारीही नेसेल, फक्त पूजा आणि आरतीच्या वेळी तिला बाजूला उभं राहिलेलं चालेल का? दहा-पंधरा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग एका पालकाने लिहिलं, "मग त्या दिवशी घरीच ठेवा ना." त्याखाली चार अंगठे आले. शाळेकडून उत्तर आलंच नाही.

मी तो निरोप वाचला होता. मी काहीही लिहिलं नाही. त्या गप्प राहण्याची मला लाज वाटते, आणि हे पत्र लिहायचं पहिलं कारण तेच आहे.

दिंडीच्या दिवशी ती आली नाही. माझी मुलगी एकटीच, जोडीदाराशिवाय, ओळीच्या शेवटी खेळली. सोमवारी शाळेतून आल्यावर तिने दप्तर ठेवलं आणि सांगितलं, "ती म्हणाली तिला ताप होता." थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "पण आई, ताप नव्हता ना? तू ग्रुपवर वाचलंस ना?"

नऊ वर्षांच्या मुलीला तापाचं निमित्त पढवून पाठवावं लागलं. का, तर मैत्रिणींनी विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न तिच्या आईपुढे होता. शाळेने त्या घराला खोटं बोलायला लावलं. शाळेचा हेतू तसा नव्हता हे मला ठाऊक आहे. पण हेतू नसताना असं होत असेल, तर रीत तपासायला हवी.

माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर कुणी म्हणेल, यांना देवाधर्माचं वावडं आहे. आमच्या घरात माळ आहे. सासऱ्यांनी एकवीस वर्षं पायी वारी केली. संध्याकाळी आमच्याकडे हरिपाठ होतो आणि माझ्या मुलीला तो पाठ आहे. तो तिला कुणी गुणांसाठी शिकवला नाही. आजोबांच्या शेजारी बसून बसून आला. विठ्ठल माझ्या घरचा आहे, म्हणूनच त्याच्या नावाने कुणाच्या लेकीला घरी बसवलेलं मला सोसत नाही. ज्या पांडुरंगाला आम्ही माऊली म्हणतो, त्याच्या दिंडीत लेझीम खेळायला आलेल्या पोरीला "घरीच ठेवा" म्हणणं हे माझ्या सासऱ्यांच्या वारीत बसत नाही.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण संविधान मराठीत उपलब्ध आहे आणि अनुच्छेद २८ जेमतेम अर्ध्या पानाचा आहे. त्यात शाळांचे सरळ प्रकार पाडले आहेत. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, म्हणजे महापालिकेची, जिल्हा परिषदेची, तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. दुसऱ्या प्रकारात आपल्यासारख्या शाळा येतात: सरकारची मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या. अशा शाळेतल्या कोणत्याही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. त्याची स्वतःची, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची, संमती लागते. नीट वाचा: विरोध नोंदवायचा तर पालकाने पुढे यावं, असं तिथे म्हटलेलं नाही. आधी संमती हवी. आपल्याकडे उलटं झालं. विचारणं शाळेचं काम होतं, ते त्या आईला करावं लागलं, तेही चाळीस पालकांसमोर.

"मान्यता असलेल्या" या शब्दांत खासगी विनाअनुदानित शाळाही आल्या आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळाही आल्या. अनुच्छेद ३० ने त्यांना शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे, पण मान्यता घेतली की संमतीची अट त्यांनाही लागू. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझं स्वतःचं शिक्षण ठाण्यातल्या एका मिशनरी शाळेत झालं. दहा वर्षं रोज सकाळी हात जोडून, डोळे मिटून ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. माझ्या वडिलांना कधी कुणी विचारलं नाही. वडील म्हणायचे, "म्हण गं, देव काय, सगळीकडे एकच." ते मोठ्या मनाचे होते. पण त्यांच्या मनाचा मोठेपणा ही शाळेने घेतलेली परवानगी नव्हे. तेव्हा मला हे चाललं म्हणून आज दुसऱ्या कुणाला चालायलाच हवं, असंही म्हणता येत नाही.

त्या शाळेतली एक गोष्ट मात्र मनात घर करून आहे. आठवड्यातून दोन तास कॅथलिक मुली धर्मशिक्षणाला जायच्या आणि आम्ही बाकीच्या नीतिशिक्षणाच्या वर्गात बसायचो. नियमाने पाहिलं तर व्यवस्था चांगलीच. कुणावर सक्ती नाही. पण दहा वर्षं एकाच बाकावर बसून मला कळलं नाही की त्या तासाला माझी मैत्रीण काय शिकते, आणि तिलाही कळलं नाही की मी एकादशीला डब्यात साबुदाणा का आणते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस ती मटण खात नाही हे मला लग्नानंतर, तिच्या घरी जेवायला गेले तेव्हा समजलं. दोघीही उपास करत होतो आणि एकमेकींना ठाऊक नव्हतं. म्हणून माझं मागणं एवढ्यावर थांबत नाही की ज्यांना नको त्यांना वेगळ्या खोलीत बसवा. वेगळ्या खोलीत बसून मी दहावी झाले आहे.

संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी एक फरक स्पष्ट केला होता. धर्माची शिकवण देणं, म्हणजे अमुक मानलंच पाहिजे असं मुलांच्या मनावर ठसवणं, ही एक गोष्ट. धर्माचा अभ्यास ही अगदी दुसरी. बंधन पहिल्यावर आहे, दुसऱ्यावर नाही. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानेही हाच भेद केला, आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मांविषयी शिकवायला संविधानाची आडकाठी नाही. म्हणजे शाळेच्या दारातून धर्म हद्दपार करा असं कुणीच म्हटलेलं नाही. मीही म्हणत नाही. आपण मात्र नेमकं उलटं करून बसलो आहोत. करायला लावतो भरपूर, शिकवत काहीच नाही.

पाहा ना, दिंडीतल्या मुलांना कपाळी गंध, डोक्यावर प्लास्टिकची तुळस, हातात पुठ्ठ्याची वीणा. त्यातल्या किती मुलांना चोखामेळा कोण हे सांगितलं? जो आयुष्यभर विठ्ठलाला आळवत राहिला आणि ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, ज्याची समाधी आजही महाद्वारासमोर आहे, त्याची गोष्ट नऊ वर्षांच्या मुलांना पक्की कळते. त्यांना अन्याय आपल्यापेक्षा लवकर कळतो. आणि त्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, तेच देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं, हे? गुरुजींची प्रार्थना आपण परिपाठात म्हणतो. गुरुजी उपाशी का बसले ते सांगत नाही. मी एकदा हे वर्गशिक्षिकांना सुचवलं तर त्या म्हणाल्या, "नको हो, उगाच वाद व्हायचा." वाद नको म्हणून धर्मातला जिवंत भाग गाळायचा आणि उरलेला वेशभूषेचा भाग सक्तीचा करायचा, हे वारकऱ्याच्या घरातली सून म्हणून मला पटत नाही.

शिकवायचं काय, यासाठी कुठे लांब जायला नको. बालभारतीच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांवर पाठ आहे. त्यात जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम आणि पारशी या सगळ्यांची ओळख करून दिली आहे. माझ्या भाच्याला मी विचारलं, तो पाठ कसा शिकवला? "बाईंनी स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहून दिली." सहा धर्म, दोन तासिका, उत्तरं फळ्यावर.

ठाण्यातल्या शाळेला तर तो पाठ पायी चालत शिकवता येईल. टेंभी नाक्याला उतरा. तिथे १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शआर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. जवळच पारशांची अग्यारी. जैन मंदिर. त्याच नाक्यावर नवरात्रात देवी बसते. तिथून तलावपाळीकडे निघालं की पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, तळ्याच्या काठी कोपिनेश्वर मंदिर, आणि बाजारात शिरलं की मशीद. मुलांच्या पावलांनीसुद्धा एका सकाळचं काम. अग्यारीत पारशांशिवाय कुणाला आत जाता येत नाही, हेही बाहेर उभं राहून सांगता येईल. प्रत्येक धर्माला आपलं दार किती उघडायचं ते ठरवायचा हक्क आहे, हा धडा फळ्यावर लिहून देण्यासारखा नाही.

सिनेगॉगसमोर उभं राहून मुलांना बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची गोष्ट सांगावी. त्यांच्यातली आठवण अशी की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि वाचलेली माणसं कोकणातच राहिली. तेलाचे घाणे चालवले. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद, त्यावरून गावाने त्यांना शनवार तेली नाव दिलं. घरात मराठी बोलले. आणि मला स्वतःला सगळ्यात हेलावून टाकणारी गोष्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकात या लोकांनी मराठीतून कीर्तनं केली, बायबलमधल्या आख्यानांवर. आमच्या नारदीय गादीवरचं कीर्तन! तसाच फादर स्टीफन्स, इंग्लंडहून आलेला. त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत सांगायची ठरवली तेव्हा ओवीच निवडली आणि दहा हजारांवर ओव्या लिहिल्या; ते क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. हे सगळं आषाढीच्या दिंडीतच शिकवता येतं. मग त्या लेझीम खेळणाऱ्या मुलीला वाटलं नसतं की हा उत्सव तिचा नाही.

यावर दोन बोलणी मला ठरलेली ऐकू येतात. एक म्हणजे, "ही संस्कृती आहे, धर्म नव्हे." काही बाबतीत हे खरंच आहे. फुगडी, लेझीम, पुरणपोळी, नाताळचं झाड, ईदचा शीरखुर्मा, यांनी कुणाची श्रद्धा दुखावत नाही. पण हात जोडून आरती, पूजेतला नमस्कार, स्तोत्रपाठांतराला गुण, ही उपासना आहे. तिला संस्कृती म्हटल्याने तिचं उपासना असणं सुटत नाही. उलट आम्हा भाविकांनाच ते बोचायला हवं. मी करते ती आरती काय कवायत आहे?

पण ही रेघ सगळीकडे इतकी साफ नाही, हेही कबूल करते. दसऱ्याच्या पाटीपूजनाबद्दल मला अजून ठरवता आलेलं नाही. एक-एक आकडा मांडून काढलेली ती सरस्वती माझ्या मुलीने तीन वर्षं काढली आहे आणि ते चित्र काढताना तिच्या तोंडावर जो आनंद असतो तो मी हिरावून घेणार नाही. दुसरीकडे, आमच्याच इमारतीतल्या एका बौद्ध कुटुंबाला ते चालत नाही, आणि त्यांचं म्हणणं ऐकल्यावर मला त्यांची बाजूही कळते. ज्या बाईने आपल्याला पाटी हातात दिली त्या सावित्रीबाईंना ३ जानेवारीला पाच मिनिटं आणि सरस्वतीला अख्खी सकाळ, असं ते विचारतात. मला वाटतं पाटीपूजन राहावं, पण ज्याच्या पाटीवर सावित्रीबाई असतील त्याचीही पाटी त्याच रांगेत मांडली जावी. यावर माझ्याशी वाद घालायला हरकत नाही. असे वाद पालकसभेत व्हावेत, मुलांच्या गैरहजेरीतून नव्हे.

दुसरं बोलणं असं की, "एकाला सूट दिली की सगळे मागतील, शिस्त राहणार नाही." केरळमधल्या तीन भावंडांची गोष्ट सांगते. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालाच्या शेवटी आपली परंपरा, आपलं तत्त्वज्ञान आणि आपलं संविधान, तिन्ही सहिष्णुता शिकवतात असं लिहून ती पातळ होऊ देऊ नका म्हटलं. तिथे प्रश्न राष्ट्रगीताचा होता. तिथे शांत उभं राहणं चालतं, तर आरतीच्या वेळी शांत उभ्या राहिलेल्या एका मुलीने आपल्या शाळेची कोणती शिस्त मोडली असती?

आता माझं मागणं. प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये धर्म आणि जात तुम्ही लिहून घेताच. त्याच दिवशी एक साधा कागद द्या, मराठीत, की वर्षभरात शाळेत अमुक कार्यक्रमांत पूजा किंवा प्रार्थना असते, आपल्या पाल्याने त्यात भाग घ्यावा का? हो किंवा नाही. कारण विचारू नका. "नाही" आलं तर ती गोष्ट वर्गशिक्षिकेपाशी राहावी, ग्रुपवर येऊ नये, आणि त्या मुलाला घरी पाठवू नये, ग्रंथालयात कोंबू नये. तो तिथेच, मित्रांसोबत उभा राहील, हात जोडणार नाही, इतकंच. आकारिक मूल्यमापनाशी यातल्या कशाचाही संबंध नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आहे. तो शब्द मी आपल्या शाळेसाठी वापरू इच्छित नाही, पण वर्गातल्या एकटीलाच वगळलेल्या मुलीला काय वाटतं याचा विचार करताना तो समोर असू द्यावा.

आणि पालकांच्या ग्रुपवर पालकांनी शाळेच्या वतीने उत्तरं देणं थांबवा. "घरीच ठेवा" हे ठरवायचा अधिकार त्या अंगठ्यांना कुणी दिला? त्या दिवशी शाळेने एक ओळ लिहिली असती, "ताई, चालेल, पाठवा तिला," तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

टेंभी नाका ते कोपिनेश्वर या फेरीसाठी मी सुट्टी काढून मदतीला येईन. जिथे आत जायचं तिथे परवानगी घेणं, मुलांना रस्ता ओलांडून देणं, पाणी-खाऊ, जे सांगाल ते. आमच्या सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, चोखोबांची गोष्ट मी सांगतो, मला बोलवा.

त्या मुलीच्या आईला मी अखेर फोन केला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्या थोड्याच होतात." मग म्हणाल्या की लेकीने ती लेझीम अजून शाळेत परत दिलेली नाही, गॅलरीत एकटीच वाजवत असते. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी या पत्राने लेखी विनंती करते. आम्ही दोघी येऊ.

आपली,
चौथीतल्या एका मुलीची आई
ठाणे